आऊल मंकीचा जोड-जीन: दोन जुन्या तुकड्यांतून एक नवा जीन कसा उभा राहिला

नवीन जीन येतात कुठून हा प्रश्न उत्क्रांतीच्या कुठल्याही चर्चेत कधी ना कधी निघतोच, आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं "म्युटेशनमुळे" असं एका शब्दाचं. ते चूक नाही, पण त्याने समाधान कोणाचंच होत नाही. विचारणाऱ्याच्या मनात असतं की एखादं अक्षर बदललं तर जुनाच जीन थोडा वेगळा होईल, पण जे काम त्या प्राण्यात आधी कोणीच करत नव्हतं ते करणारा अख्खा जीन कसा काय तयार होणार? मला ह्याचं सगळ्यात भक्कम उत्तर एका माकडाच्या केसमध्ये दिसतं. तिथे नवा जीन कुठल्या दोन जीन्सपासून बनला, ते तुकडे एकत्र कसे आले, जोड नक्की कुठे बसला आणि त्या जोडामुळे काय साधलं, ह्या सगळ्याचा पुरावा हातात आहे, आणि असं सगळं एकाच ठिकाणी मिळणं फार दुर्मिळ. म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहून काढतोय, थोडं लांबेल, पण मजेचा भाग तपशिलातच आहे.

माकडाचं नाव आऊल मंकी, शास्त्रीय नाव एओटस. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात राहतं, डोळे मोठे, रात्री फिरतं, आणि माकडांमध्ये असं निशाचर दुसरं कोणीच नाही. आपल्याला मात्र त्याच्या डोळ्यांशी काही देणंघेणं नाही, आपल्याला बघायच्यात त्याच्या पेशी, प्लेटमध्ये वाढवलेल्या, ज्यांच्यात एचआयव्ही-१ शिरतो पण पुढे काही करू शकत नाही.

कोडं काय होतं

एचआयव्ही पेशीत शिरतो तेव्हा त्याचा जेनेटिक माल एका शंकूसारख्या कवचात असतो, त्याला कॅप्सिड म्हणतात. हे कवच एकाच प्रोटीनच्या साधारण १५०० प्रतींचं बनलेलं असतं, त्या प्रती सहा-सहाच्या गटाने जुळून षटकोनांची जाळी तयार करतात आणि मधेमधे बारा पंचकोन असतात म्हणून जाळी वळून बंद होते. १९९३ साली जेरेमी लुबान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या पेशीतलं सायक्लोफिलिन ए नावाचं प्रोटीन ह्या कॅप्सिडच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं. सायक्लोफिलिन ए तसं अगदी साधं, १६५ अमिनो आम्लांचं, जवळपास प्रत्येक पेशीत भरपूर सापडणारं, इतर प्रोटीनना नीट घडी पडायला मदत करणारं प्रोटीन. कॅप्सिडवर बाहेर आलेला एक छोटा लूप असतो, त्यातल्या ८९ आणि ९० नंबरच्या ग्लायसिन-प्रोलीन ह्या अमिनो आम्लांच्या जोडीवर ते बसतं. सायक्लोस्पोरिन हे औषध, जे अवयव प्रत्यारोपणानंतर देतात, ते सायक्लोफिलिनच्या नेमक्या त्याच खाचेत जाऊन बसतं, मग कॅप्सिडला चिकटायला जागाच उरत नाही.

माणसाच्या पेशीत सायक्लोस्पोरिन टाकलं की एचआयव्हीचं इन्फेक्शन कमी होतं. म्हणजे सायक्लोफिलिन व्हायरसच्या फायद्याचं आहे, इथपर्यंत हिशोब सरळ.

आऊल मंकीच्या पेशीत सगळं उलटं दिसलं. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांमध्ये पेशीत शिरल्यानंतर एचआयव्ही-१ ला अडवणारं हे एकटंच माकड, आणि त्या पेशींमध्ये सायक्लोस्पोरिन टाकलं तर अडवणूक संपायची आणि व्हायरस बिनधास्त पुढे जायचा. औषधाऐवजी कॅप्सिडच्या त्या लूपमध्येच म्युटेशन केलं, म्हणजे सायक्लोफिलिन बसूच नये अशी सोय केली, तरी तेच. २००३ पर्यंत हे स्पष्ट झालं होतं. व्हायरस तोच, प्रोटीन तेच, औषध तेच, आणि एका प्राण्यात जे व्हायरसला मदत करतं तेच दुसऱ्या प्राण्यात त्याच्या जिवावर उठतं, हे कसं?

२००४ च्या सुरुवातीला दुसरीकडून एक मोठी गोष्ट कळली. जोसेफ सोड्रोस्की यांच्या लॅबने ऱ्हीसस माकडात एचआयव्ही-१ ला अडवणारा जीन शोधला, ट्रिम-५. ह्याचं प्रोटीन म्हणजे ट्रिम-५ अल्फा, चार भागांचं. पहिला रिंग भाग, जो युबिक्विटिनचे (प्रोटीनवर खूण म्हणून लागणाऱ्या एका छोट्या प्रोटीनचे) टॅग लावण्याचं काम करतो, मग बी-बॉक्स, मग कॉइल्ड-कॉइल ज्यामुळे दोन प्रोटीन एकमेकांना मिठी मारतात, आणि शेपटाला स्प्राय नावाचा भाग जो कॅप्सिड ओळखून पकडतो. पकडायचं काम शेपटाचं, आणि पकडल्यावर कवच वेळेआधी खिळखिळं करायचं काम पुढच्या भागांचं. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एक प्रयोग जो फसला आणि त्यामुळेच कामाचा ठरला

लुबान यांच्या गटाने, डेव्हिड साया हे त्या पेपरचे पहिले लेखक, आऊल मंकीच्या पेशींमध्ये आरएनए इंटरफिअरन्स (ठराविक अक्षरक्रमाचा, म्हणजे सिक्वेन्सचा, आरएनए निवडून दाबायचं तंत्र) वापरून सायक्लोफिलिनचा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून निघणारी प्रत, दाबला. अपेक्षेप्रमाणे अडवणूक गेली. आता नियम असा असतो की एखादं प्रोटीन दाबून परिणाम दिसला तर तेच प्रोटीन बाहेरून परत द्यायचं आणि परिणाम उलटतो का बघायचं, नाहीतर आपण नक्की काय दाबलं ह्याची खात्री नसते. त्यांनी सायक्लोफिलिन परत दिलं. आणि काहीच झालं नाही, अडवणूक परत आलीच नाही.

मला ह्या प्रकरणातला हा टप्पा सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे "प्रयोग बिघडला" म्हणून फाईल बंद करणं सहज शक्य होतं. त्यांनी वेगळा विचार केला: आपण सायक्लोफिलिनच्या सिक्वेन्सवर नेम धरला होता, आणि सायक्लोफिलिन परत देऊन उपयोग झाला नाही, म्हणजे तोच सिक्वेन्स असलेला दुसरा कुठला तरी मेसेंजर आरएनए त्याच वेळी दाबला गेला असणार. मग असा दुसरा आरएनए शोधायला सुरुवात झाली, आणि सापडला तो एक विचित्र आरएनए, ज्याची सुरुवात ट्रिम-५ ची आणि शेवट अख्ख्या सायक्लोफिलिन ए चा. दोन वेगळी प्रोटीनं नाहीत, एकाच जीनमधून निघणारं एकच सलग प्रोटीन. त्याला नाव दिलं ट्रिमसिप.

हा ट्रिमसिप माणसाच्या आणि उंदराच्या जातभाईच्या, म्हणजे रॅटच्या, पेशींमध्ये टाकला, ज्या एरवी एचआयव्ही-१ आरामात शिरू देतात, तर त्या पेशीही व्हायरसला अडवायला लागल्या. हा पुरावा निर्णायक. २००४ मध्येच लंडनमधल्या दुसऱ्या एका गटालाही आऊल मंकीच्या किडनीच्या पेशींमध्ये हेच जोड-प्रोटीन स्वतंत्रपणे सापडलं.

आणि कोडं एका झटक्यात सुटलं. सायक्लोस्पोरिनमुळे आऊल मंकीच्या पेशी उघड्या पडत होत्या, कारण औषध ट्रिमसिपच्या शेपटातल्या सायक्लोफिलिनमध्ये जाऊन बसत होतं आणि त्याची कॅप्सिडवरची पकडच सुटत होती. पकड सुटली की पुढचा ट्रिमचा भाग बिनकामाचा. माणसाच्या बाबतीत पुढे बऱ्याच वर्षांनी हेही दिसलं की मोकळं सायक्लोफिलिन कॅप्सिडवर बसून आपल्याच ट्रिम-५ अल्फापासून व्हायरसला झाकतं. म्हणजे ज्या प्रोटीनच्या आडोशाने एचआयव्ही माणसाच्या पेशीत वाचतो, तेच प्रोटीन ट्रिमच्या शेपटाला लागलेलं असलं की त्याला पकडून देतं.

तुकडे एकत्र आले कसे

ट्रिम-५ जीनमध्ये आठ एक्झॉन आहेत. एक्झॉन म्हणजे जे तुकडे शेवटी मेसेंजर आरएनएमध्ये राहतात ते, आणि मधले जे कापून टाकले जातात ते इंट्रॉन. ही दोन्ही नावं १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी दिली, आणि तेव्हाच त्यांनी असा अंदाज मांडला होता की जीन असे तुकड्यांत असण्याचा एक फायदा म्हणजे इंट्रॉनच्या लांबलचक पट्ट्यात कुठेही तोडजोड झाली तरी एक्झॉन शाबूत राहतात, त्यामुळे तयार तुकड्यांची नवी जुळणी करता येते. एक्झॉन शफलिंग म्हणतात ते हेच. ट्रिम-५ मध्ये स्प्राय हा पकडणारा भाग आठव्या एक्झॉनमध्ये आहे. आऊल मंकीत सायक्लोफिलिनचा तुकडा जाऊन बसला तो सातव्या आणि आठव्या एक्झॉनच्या मधल्या इंट्रॉनमध्ये.

तो तिथे नेऊन कोणी ठेवला? ह्याचं उत्तर त्या तुकड्यावरच लिहिलेलं आहे. सायक्लोफिलिनच्या मूळ जीनमध्ये इंट्रॉन आहेत, पण ह्या आत घुसलेल्या तुकड्यात एकही इंट्रॉन नाही, आणि शेवटी ए-ए-ए-ए अशी शेपटी आहे जी फक्त तयार मेसेंजर आरएनएला लागते. म्हणजे आधी जीनवरून आरएनए बनला, इंट्रॉन कापले गेले, शेपटी लागली, आणि मग त्या तयार आरएनएची डीएनएमध्ये उलटी कॉपी होऊन ती क्रोमोसोममध्ये चिकटली. पेशीत हे काम करणारी यंत्रणा म्हणजे लाईन-१, उड्या मारणारा डीएनए. आपल्या जीनोमचा जवळपास १७ टक्के भाग लाईन-१ च्याच प्रतींनी भरलेला आहे, पाचेक लाख प्रती, त्यातल्या बहुतेक मोडक्या आणि शंभराच्या आसपास अजून चालू. लाईन-१ चं एक प्रोटीन डीएनएला काप देतं आणि आरएनएवरून डीएनए लिहितं. ते सहसा स्वतःचाच आरएनए कॉपी करतं पण कधीमधी पेशीतला दुसराच एखादा आरएनए हाताला लागतो, आणि जो आरएनए जास्त प्रमाणात आहे तो हाती लागण्याची शक्यता जास्त. सायक्लोफिलिन ए चा आरएनए भरपूर असतो, त्यामुळे आपल्या जीनोममध्येही त्याच्या अशा कितीतरी मेलेल्या प्रती इकडेतिकडे पडलेल्या आहेत.

मेलेल्या का? कारण आरएनएवरून कॉपी केली तर जीन चालू करणारा पुढचा भाग, प्रमोटर, सोबत येतच नाही. प्रत येऊन पडते पण तिला कोणी वाचत नाही, आणि मग हळूहळू म्युटेशन साचून ती कुजते. आऊल मंकीची प्रत मात्र चालू जीनच्या पोटात पडली, ट्रिम-५ चा प्रमोटर तिला आयता मिळाला. आणि तो प्रमोटर कोणाचा, तर इंटरफेरॉन आला की, म्हणजे व्हायरसची चाहूल लागली की, जोरात चालणाऱ्या जीनचा. घरकाम करणाऱ्या एका साध्या प्रोटीनची प्रत संरक्षण खात्याच्या जीनमध्ये जाऊन पडली, असंच झालं.

नुसतं जाऊन पडणं पुरेसं नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण लोकप्रिय लेखांमध्ये ही पायरी गाळून "आणि दोन जीन जोडले गेले" असं एका ओळीत संपवतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की जीनोम म्हणजे काहीही कशालाही जोडा. तसं नाही. इंट्रॉनमध्ये येऊन पडलेला तुकडा एरवी इंट्रॉनसोबत कापून फेकला जातो. तो टिकायचा असेल तर त्याच्या सुरुवातीला स्प्लायसिंगच्या, म्हणजे इंट्रॉन कापून एक्झॉन जोडणाऱ्या, यंत्रणेला "इथून एक्झॉन सुरू" असं वाटायला लावणारी खूण असावी लागते. आऊल मंकीत सातवा एक्झॉन थेट सायक्लोफिलिनच्या तुकड्याला जोडला जातो, आठव्याची वेळच येत नाही.

मग येते रीडिंग फ्रेम. जीनचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचला जातो, त्यामुळे जोड एका अक्षराने जरी सरकला तरी पुढचं सगळं निरर्थक. तीन शक्य फ्रेम्सपैकी एकच बरोबर, म्हणजे इथेच दोन तृतीयांश प्रयत्न बाद. तुकड्याच्या पुढच्या टोकाला मूळ आरएनएचा असा भागही चिकटून आलेला असतो ज्याचं प्रोटीन कधी बनतच नव्हतं, आणि आता तो वाचला जात असेल तर त्यात मधेच "थांबा" सांगणारा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, असून चालत नाही. दिशाही बरोबर हवी, उलटा पडला तर संपलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोड प्रोटीनच्या कुठल्या भागात बसतो. समजा हाच तुकडा कॉइल्ड-कॉइलच्या मधोमध घुसला असता, तर जुना जीन मोडला असता आणि नवा काही बनला नसता. इथे तो बसला पुढची सगळी हत्यारं पूर्ण झाल्यावर आणि पकडणारा भाग सुरू होण्याआधी. सायक्लोफिलिन स्वतः पूर्ण, स्वतःची घडी स्वतः घालणारं, कुठल्याही शेपटाला लावलं तरी आपला आकार राखणारं प्रोटीन आहे. दोन्हीकडचा माल असा सुटा आणि पूर्ण होता म्हणून जमलं. ह्यातली एक जरी गोष्ट नसती तर आपल्यासमोर आज आणखी एक मेलेली प्रत असती, ज्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं, आणि अशा न जमलेल्या प्रतींची संख्या जमलेल्यांच्या मानाने अफाट आहे हे विसरून चालत नाही. उत्क्रांतीला नेम धरता येत नाही, तिच्याकडे फक्त प्रचंड वेळ, प्रचंड संख्या आणि निवड आहे.

दोन्ही अर्धे एकत्र का चालले

सायक्लोफिलिनची कॅप्सिडवरची पकड तशी कमजोर, मायक्रोमोलर पातळीची, म्हणजे बसतं, सुटतं, परत बसतं. एवढ्या ढिल्या पकडीने कवच कसं रोखलं जाईल? इथे ट्रिमच्या बाजूचं योगदान कळतं. कॉइल्ड-कॉइलमुळे दोन-दोन प्रोटीनची जोडी बनते आणि बी-बॉक्सच्या मदतीने ह्या जोड्या एकमेकींना धरून स्वतःच एक षटकोनी जाळी विणतात, आणि ती जाळी कॅप्सिडच्या षटकोनी जाळीवर बरोबर बसते. आता एकेक हूक कमजोर असला तरी शेकडो हूक एकाच वेळी लागतात, व्हेल्क्रोच्या पट्टीसारखं, आणि सगळे एकदम सुटण्याची शक्यता जवळपास शून्य. सायक्लोफिलिनने पत्ता दिला, ट्रिमने ताकद दिली. ह्या दोघांपैकी कोणाकडेही एकट्याकडे ही क्षमता नव्हती, आणि मी "नवा जीन" म्हणतो तो ह्या अर्थाने. अक्षरं जुनी, भाग जुने, पण त्यांच्या जुळणीतून निघणारं काम त्या वंशात आधी नव्हतं.

तुलनेला एक दुसरा रस्ता बघा. माणसाचा ट्रिम-५ अल्फा एचआयव्ही-१ ला फार कमी रोखतो. त्याच्या स्प्राय भागातलं ३३२ नंबरचं एकच अमिनो आम्ल, अर्जिनिन, बदललं तर लॅबमध्ये तो बऱ्यापैकी रोखायला लागतो. म्हणजे एका अक्षराच्या बदलानेही मोठा फरक पडतो, ते मी नाकारत नाही. पण तो बदल असलेल्या स्प्रायला थोडं वळवतो, त्याची आवड बदलतो. ट्रिमसिपमध्ये पकडणारा अख्खा भागच बदलून टाकला गेला, तोही एका पिढीत, एका घटनेत. एकेका अक्षराच्या बदलांनी स्प्रायचं सायक्लोफिलिन व्हायला कुठलाच रस्ता नाही, दोघांची घडीच वेगळी आहे.

हे दुसऱ्यांदाही झालं

आतापर्यंतचं वाचून कोणी म्हणेल की बरं, एक योगायोग झाला, त्यावरून काय सिद्ध होतं. रास्त शंका आहे. २००७-०८ च्या सुमारास आशियातल्या मकाक माकडांमध्ये अनेक गटांना ट्रिमसिप सापडला, आणि तो आऊल मंकीकडून वारशाने आलेला असणं शक्यच नव्हतं कारण जोडाची जागाच वेगळी. मकाकमध्ये सायक्लोफिलिनची प्रत आठव्या एक्झॉनच्याही पलीकडे, जीनच्या शेवटच्या प्रोटीन न बनवणाऱ्या भागात पडलेली आहे. अशा जागी पडल्यावर तिचा काही उपयोग व्हायला नको, आधी सगळा ट्रिम-५ वाचून होणार आणि थांबा-कोडॉन येणार. पण सातव्या एक्झॉनच्या आधीच्या स्प्लाइस खुणेत एक अक्षर बदललं, जी चं टी झालं, त्यामुळे यंत्रणेला सातवा एक्झॉन दिसतच नाही, ती सातवा आणि आठवा दोन्ही ओलांडून सहाव्याला थेट सायक्लोफिलिन जोडते. निकाल तोच: पुढे ट्रिम, मागे सायक्लोफिलिन.

मला हा भाग फार बोलका वाटतो. एकीकडे प्रत योग्य जागी पडली, दुसरीकडे अयोग्य जागी पडली आणि एका अक्षराच्या म्युटेशनने ती योग्य केली. "अक्षर बदलणं" आणि "तुकडे हलवणं" अशी दोन वेगळी खाती करून आपण शिकवतो, इथे दोघं हातात हात घालून आलेत.

कामही थोडं वेगळं झालं. ऱ्हीसस मकाकचा ट्रिमसिप एचआयव्ही-२ आणि मांजरांच्या एफआयव्हीला रोखतो पण एचआयव्ही-१ ला नाही, कारण त्याच्या सायक्लोफिलिनच्या खाचेत ६६ आणि ६९ नंबरच्या जागी बदल झालेत आणि त्यामुळे खाचेचा आकार सरकलाय. म्हणजे जोडणी झाल्यावरही अक्षरांचं घासणं-पुसणं चालूच राहतं. ऱ्हीससमध्ये काही माकडांकडे ट्रिमसिप आहे आणि काहींकडे जुना ट्रिम-५ अल्फा, दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. पिग-टेल्ड मकाकमध्ये मात्र फक्त ट्रिमसिपच उरलाय, आणि तो एचआयव्ही-१ ला रोखत नसल्यामुळे एचआयव्ही-१ च्या अभ्यासासाठी ह्या माकडाकडे पुन्हा पुन्हा बघितलं गेलं.

आणि त्याच्याही आधी

आऊल मंकी आणि मकाक, दोन्ही ट्रिमसिप गेल्या ६० लाख वर्षांतले. २०१३ मध्ये हरमीत मलिक आणि मायकेल एमरमन यांच्या गटांनी आणखी एक शोधला, पण मेलेला. माकडं आणि मानवसदृश वानर ह्यांच्या सामाईक पूर्वजात, साधारण ४ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, ट्रिम-५ च्या जवळ सायक्लोफिलिनची एक प्रत पडली होती. आजच्या कुठल्याच प्रायमेटमध्ये ती धड राहिलेली नाही, कुठे मोडलेली, कुठे गायब. पण वेगवेगळ्या प्राण्यांमधले अवशेष एकमेकांशी ताडून मूळ सिक्वेन्स काय असेल ते काढता येतं, त्यांनी तो काढला, लॅबमध्ये बनवला आणि तपासला. नवजात अवस्थेतला तो जीन चांगलाच दमदार निघाला, बऱ्याच प्रकारच्या रेट्रोव्हायरसना, म्हणजे एचआयव्ही ज्या घराण्यातला त्या व्हायरसना, रोखणारा. नंतरच्या एक कोटी वर्षांत आठ अमिनो आम्लं बदलली आणि ती व्यापक ताकद गेली. एक कोटी वर्षं निवडीच्या दबावाखाली टिकून होता ह्याच्या खुणा सिक्वेन्समध्ये दिसतात, म्हणजे तेवढा काळ त्याचा उपयोग होत होता, नंतर बहुधा ज्या व्हायरससाठी तो होता तो गेला आणि जीन निकामी झाला.

इथे एक गैरसमज काढून टाकायलाच हवा. ह्यातला कुठलाच जीन एचआयव्हीसाठी बनलेला नाही, बनूच शकत नाही. एचआयव्ही-१ माणसात आला तो आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या एसआयव्हीमधून (एसआयव्ही म्हणजे माकडं-वानरांमधले एचआयव्हीचे भाऊबंद), गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, आणि आऊल मंकी राहतं अटलांटिकच्या पलीकडे. मकाकही आशियातले, जंगलात त्यांना एसआयव्ही होत नाही. मग हे जीन कुठल्या व्हायरसच्या धाकाने निवडले गेले? त्यांच्या कॅप्सिडवर सायक्लोफिलिन बसू शकेल असा लूप होता एवढं जीनच्या रचनेवरून म्हणता येतं, पण ते व्हायरस कुठले हे आजही उघड प्रश्न आहेत. आऊल मंकीने लाखो वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणासाठी बनवलेलं हत्यार एचआयव्हीवर चाललं, इतकंच.

आणखी एक मर्यादा. नवे जीन फक्त असेच येतात असं कृपया कोणी समजू नका. सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये मांडलेला रस्ता, अख्ख्या जीनची डुप्लिकेट होणं आणि एका प्रतीने वेगळी वाट धरणं, तो आजही सगळ्यात रहदारीचा आहे. काही जीन आधी काहीच न बनवणाऱ्या डीएनएतूनही उगवतात. तुकड्यांच्या जुळणीचं पहिलं नीट तपासलेलं ताजं उदाहरण फळमाश्यांमधलं, जिंगवेई नावाचा जीन, मान्युआन लाँग आणि चार्ल्स लँगली यांनी १९९३ मध्ये दाखवलेला, साधारण २० लाख वर्षांचा, तिथेही अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाच्या एंझाइमच्या जीनची आरएनएवरून झालेली प्रत दुसऱ्या जीनमध्ये जाऊन पडलेली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ह्या पद्धतीने बनलेल्या जोड-जीनचं ठळक उदाहरण म्हणजे ट्रिमसिप.

माणसाकडे चालू ट्रिमसिप नाही. आपल्याकडे ट्रिम-५ आहे, सायक्लोफिलिन ए आहे, लाईन-१ पण आहे, जोड तेवढा नाही. तो लॅबमध्ये बनवून बघितला गेला: २००९ मध्ये लुबान यांच्यासह एका गटाने दोन्ही भाग माणसाचेच घेऊन ट्रिमसिप तयार केला. त्यासाठी ट्रिमच्या प्रोटीनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी जोड देऊन पाहावे लागले आणि सगळ्या जोडांनी सारखं काम केलं नाही, जागा थोडी इकडेतिकडे केली की ताकद कमी-जास्त होत होती. जो सगळ्यात चांगला निघाला तो माणसाच्या टी-पेशींमध्ये, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, घातला, त्या पेशी उंदरांमध्ये सोडल्या, आणि मग एचआयव्ही-१ दिला तर व्हायरसचं रक्तातलं प्रमाण कमी राहिलं आणि टी-पेशी वाचल्या.